पहिली कथा संपली? मामाला पाठवू नकोस

वर्सोवा,
मृग नक्षत्र

चि. भाचीस,

कथा पूर्ण झाल्याचा तुझा निरोप काल रात्री साडेअकराला आला. सोबत फाइल आणि खाली दोन प्रश्न: ‘मामा, कशी झालीये?’ आणि ‘घेऊन वर्सोव्याला येऊ का?’

पहिल्याचं उत्तर मिळणार नाही. मामानं फाइल उघडलेली नाही, उघडणारही नाही. जिला पाळण्यात पाहिलं तिच्या कथेबद्दल मामा खरं बोलेल, असं धरून चालणं भाबडेपणाचं आहे. दुसऱ्याचं उत्तर: एवढ्यात नको. का, ते सविस्तर वाच.

गोष्ट 1974 सालची. अहमदाबादला एका परिसंवादात रटाळ भाषण चाललं होतं. श्रोत्यांतल्या एका शास्त्रज्ञानं टिपणांसाठी मिळालेल्या कागदांवर चक्क कथा लिहायला घेतली. मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा जाहीर झाली होती, तिच्यासाठी. हे शास्त्रज्ञ म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. केंब्रिज गाजवून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेले, 1965 सालीच पद्मभूषण मिळालेले. ते नाव वाचून परीक्षकांची लेखणी अडखळली असती. म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी केली आणि ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं कथा पाठवली. हस्ताक्षरावरूनही कुणी ओळखू नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. त्या ‘कृष्णविवर’ कथेला पहिलं बक्षीस मिळालं, ते जगतापांच्या कथेला. ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह नारळीकरांच्या नावानं आला तो 1979 साली.

निनावी असणं तुला फुकट मिळालंय. नारळीकरांना ते उसनं आणावं लागलं. तुझी कथा वाचताना संपादकाला ना तुझा चेहरा दिसणार, ना तुझा मामा. एवढी स्वच्छ नजर पुढं आयुष्यात पुन्हा मिळेलच असं नाही, तेव्हा ती ओळखीपाळखी काढून घालवू नकोस.

इथं वर्सोव्याच्या कोळीवाड्यात सध्या होड्या शाकारलेल्या आहेत. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद. गल्लीत पाय ठेवायला जागा नाही इतकी जाळी पसरलेली. परवा एक आजोबा ओट्यावर बसून जाळं दोन्ही हातांनी उजेडाकडे ताणत होते आणि भोक सापडलं की तेवढंच सांधत होते. हंगामात दर्यावर असताना हे दिसत नाही, दिसलं तरी थांबायला फुरसत नसते. कथेचंही तसंच कर. हा महिनाभर ती खणात ठेव. जुलैत बाहेर काढ आणि मोठ्यानं वाच, पार शेवटापर्यंत. शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर ही मंडळी गावोगाव कथाकथन करत. लोक कुठं चुळबुळतात ते त्यांना तिथल्या तिथं कळायचं. तुझ्यासमोर लोक नसतील, पण जीभ अडखळेल तिथं खूण करता येईल.

आता तू म्हणशील, ‘कोसला’चं काय? भालचंद्र नेमाड्यांनी ती सांगवीला घरी बसून पंधरा-सोळा दिवसांत लिहिली आणि 1963 सालातच ती छापून आली. खरं आहे. वय पंचविशीचं, पहिलीच कादंबरी. पण त्याआधी त्यांनी मुंबईतल्या लघुनियतकालिकांच्या वर्तुळात उमेदवारी केली होती आणि पुण्यात रा. ज. देशमुखांसारखा प्रकाशक कादंबरी लिही म्हणून मागं लागला होता. त्याच देशमुखांनी 1959 साली खांडेकरांची ‘ययाति’ काढली होती. तरी या नवख्या पोराचं बाड त्यांनी छापलं. लोक पंधरा दिवसांचीच गोष्ट सांगतात. पुढची ‘बिढार’ 1975 साली आली, म्हणजे मध्ये बारा वर्षं गेली, हे कुणी सांगत नाही.

असा प्रकाशक दाराशी उभा नसेल तर टपाल असतं.

जी. ए. कुलकर्णी धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवत. साहित्यिक गोतावळ्यापासून चार हात लांब. त्यांच्या कथा गिरगावात खटाववाडीला, ‘मौज’च्या कचेरीत पोचत होत्या. तिथं ‘सत्यकथा’ मासिक चालवणारे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथा नुसती स्वीकारत किंवा परत करत नसत. कुठं सैल झाली, कुठं जास्त बोलली, ते कळवत आणि पुन्हा लिहायला लावत. 1959 साली ‘निळासावळा’ हा कथासंग्रह आला, 1972 साली ‘काजळमाया’. हा सगळा प्रवास धारवाडहून झाला. तू सांगलीत आहेस. मुंबई धारवाडहून जितकी लांब, तितकी सांगलीहून नाही.

अर्थात एकाच कचेरीनं सगळ्यांचं भलं होत नाही. 1969 साली राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला. त्यांच्या लेखनाला त्या घरात जागा नव्हती. मग या पिढीनं सायक्लोस्टाइल करून, खिशातले पैसे घालून स्वतःचे अंक काढले. ‘सत्यकथा’ही 1982 साली बंद झाली. तेव्हा एका संपादकाचा नकार म्हणजे साऱ्या मराठीचा नकार समजू नकोस. पण कारण देऊन आलेला नकार जपून ठेव.

राहता राहिलं वर्सोवा. तुला वाटतं, इथं आलं की कुणी तरी कथा ऐकेल आणि सिनेमा होईल. आरामनगरच्या गल्ल्यांत सकाळपासून ऑडिशनच्या रांगा असतात, आणि यारी रोडच्या कॉफीच्या दुकानांत दर तिसऱ्या टेबलावर कुणी तरी कुणाला तरी ‘एक लाइन’ ऐकवत असतं. किती लायनींचे सिनेमे होतात, ते त्या टेबलांनाच विचार. किरण नगरकरांची ‘रावण अँड एडी’ मुळात पटकथा म्हणून सुरू झाली होती. ती वाचकांपुढं आली 1995 साली, कादंबरी होऊन.

तोंडी ऐकवण्यात आणखी एक धोका आहे. आर. जी. आनंद या नाटककाराचं ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक 1950च्या दशकातलं. ‘न्यू दिल्ली’ हा 1956 सालचा चित्रपट आपल्या नाटकावरून उचलला, असा त्यांचा दावा होता. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1978 साली निकाल लागला: कल्पनेवर, विषयावर कुणाची मालकी नसते; मालकी असते ती मांडणीवर. आनंद हरले. म्हणजे कॉफीबरोबर ऐकवलेली कल्पना हवेत गेली, कागदावर उतरलेली कथा मात्र तुझी. 1957च्या कायद्यानं ती लिहून होताच तुझी होते, नोंदणी सक्तीची नाही. पुरावा हवाच असेल तर साहित्यकृतीची नोंदणी 500 रुपयांत होते. पटकथा केलीस तर पटकथालेखकांची संघटना अंधेरीतच आहे, तिथं सभासदांना संहितेची नोंद करता येते. यातल्या कशासाठीही एवढ्यात गाडी पकडायची गरज नाही.

तेव्हा काम एवढंच. जून या कथेचा नाही. या महिन्यात दुसरी सुरू कर, म्हणजे पहिलीच्या उत्तराकडे डोळे लावून बसणार नाहीस. जुलैत पहिली काढून सांध. मग तीन दिवाळी अंक निवड. निदान मागच्या वर्षीचे ते अंक विकत घेऊन वाच, म्हणजे कुणाकडे काय खपतं ते कळेल. एका वेळी एकाकडेच पाठव. सोबतचं पत्र चार ओळींचं. त्यात कथा कशाबद्दल आहे ते सांगू नकोस आणि मामा वर्सोव्याला असतो हेही नको. ‘पैसे भरा, पुस्तक काढून देतो’ म्हणणारे भेटतील. त्यांना नमस्कार कर आणि पुढं चाल.

मामा कथा वाचेल, पण इतर वाचकांसारखी, अंक विकत घेऊन. 1 ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते. त्याआधी तुझी कथा टपालात पडलेली असू दे.

तुझा,
मामा