बडतर्फ प्रतीचा अंमल

आज रात्री डेबियनच्या यंत्रावर नेहमीची दोन फर्माने सोडली. पहिल्याने केवळ याद्या ताज्या होतात, दुसऱ्याने प्रत्यक्ष प्रणाली बदलतात. डेबियनच्या स्थिर आवृत्तीचा जुनेपणा मला प्रिय आहे: २०१४च्या एप्रिलात हार्टब्लीड हे वैगुण्य उघडकीस आले, तेव्हा तिने ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या प्रणालीच्या १.०.१ई या जुन्याच आवृत्तीत तेवढी दुरुस्ती केली, आणि नुसता क्रमांक पाहणाऱ्याची (बिचारा!) पंचाईत करून ठेवली. खरी मौज मात्र पुढेच: दुरुस्त प्रत बसवल्यावर डिस्कवरील जुनी फाइल नाहीशी झाली, तरी जी सेवा ती उघडून बसली आहे तिच्यापुरता, बडतर्फ कारकुनाने दप्तर न सोडावे तसा, त्या सदोष प्रतीचा अंमल निर्वेध चालू राहतो. म्हणून वेब सर्व्हर तत्काळ थांबवून पुन्हा सुरू केला. कर्नलही बदलला आहे, पण त्यासाठी यंत्रच पुन्हा सुरू करावे लागेल, ते उद्या.