उलटा दिसणारा खलाशी

विजेची उच्चदाब लाइन कुठून न्यायची हे आमच्या काळी पाय ठरवायचे; आता पडदा ठरवतो. आमच्या काळी म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकात. टेबलावर टोपोशीट पसरायचं, दोन उपकेंद्रांमध्ये पेन्सिलीने सरळ रेघ ओढायची आणि मग ती सरळ का राहणार नाही हे बघायला बाहेर पडायचं. कुठे गावठाण आडवं यायचं, कुठे देवराई, कुठे तलाव. प्रत्येक वळणाला जड टॉवर लागतो, म्हणून वरिष्ठांना वळणं नकोशी असत. आणि वळण कुठे हवं हे गावकऱ्यांना आमच्यापेक्षा नेमकं ठाऊक असे.

घाटात तर एका नजरेच्या रेषेपायी अख्खा दिवस जायचा. अलीकडच्या धारेवर थिओडोलाइट, पलीकडच्या धारेवर निशाण धरलेला खलाशी (मोजणीतल्या मदतनीसाला आम्ही हेच म्हणायचो) आणि मध्ये दरी. हाताचे इशारे हीच भाषा. त्यात जुन्या थिओडोलाइटच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसे. जमीन वर, आकाश खाली आणि खलाशी डोंगराला वटवाघळासारखा लटकलेला. डावं-उजवंही उलटं. नवखा ज्युनिअर इंजिनिअर जोरजोरात उजवीकडे हात करायचा, जुना खलाशी शांतपणे डावीकडे सरकायचा आणि बहुतेकदा तोच बरोबर असायचा.

आता ड्रोन नाहीतर हेलिकॉप्टर लायडार घेऊन उडतं आणि झाडांच्या फटींतून खालची जमीन मोजून आणतं. आम्हाला नुसती पलीकडची काठी दिसावी म्हणून रानातून पट्टा मोकळा करावा लागे. त्या तोडलेल्या झाडांची आठवण आमच्या गप्पांत सहसा निघत नाही.

ऑफिसात परतलं की ग्राफपेपर. आडवं प्रमाण एकास दोन हजार, उभं एकास दोनशे. म्हणजे चढ दहापट उग्र. साधी टेकडी कागदावर कळसूबाई व्हायची. त्या आलेखावर सेल्युलॉइडचा टेम्प्लेट सरकवायचा. तारेला मधोमध जो झोळ पडतो, त्याच वळणाने कापलेली ती पारदर्शक पट्टी. खालची कड जमिनीला टेकली की टॉवर हलव, नाहीतर उंच कर. 220 किलोव्होल्टची तार भर उन्हाळ्यात तापून लोंबली, तरी जमिनीपासून किमान 7.015 मीटर वर हवी. वरचे ते पंधरा मिलिमीटर फुटांच्या जमान्याची देणगी, पण आम्ही ते श्रद्धेने पाळायचो. टेम्प्लेटला ओरखडा पडू नये म्हणून ड्राफ्ट्समन तो कपड्यात गुंडाळून कुलपात ठेवायचा.

आता सॉफ्टवेअर टॉवरच्या शेकडो जागा ताडून पाहतं आणि सगळ्यांत कमी पोलाद कुठे लागेल ते सांगतं. आम्हाला जी जागा पहिल्यांदा जमली, तीच सर्वोत्तम असं आम्ही मानायचो. टेम्प्लेट सुंदर होता, हे मात्र खरं.

मातीचंही तसंच. चंद्रपूर ते पडघे ही 500 किलोव्होल्टची एकदिश प्रवाहाची लाइन 752 किलोमीटरची आहे. एवढ्या वाटेत एकाच जातीचा पाया कसा चालेल? काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिथे पाया रुंद आणि खोल लागतो. कातळात तो आटोपशीर होतो, खाडीच्या चिखलात पाइल लागतात. आता बोअर घेऊन नमुने प्रयोगशाळेत जातात. आम्ही पहार मारून बघायचो आणि गावातल्या विहीर खणणाऱ्याला विचारायचो, 'मामा, मुरूम किती हातावर लागतो?' मामा बहुधा बरोबर सांगायचे. मात्र ते चुकले तर अहवालात नाव कुणाचं घालायचं, हा प्रश्न उरायचाच.

सगळ्यांत जीव अडकलाय तो तार ओढून झाल्यावरच्या एका कामात. झोळ नीट बसला का हे बघायला टॉवरजवळ तारेला एक झटका द्यायचा. ती लहर पुढच्या टॉवरपर्यंत जाऊन परत यायची, पुन्हा जायची. वर बसलेला माणूस तारेवर बोट ठेवून ती ओळखायचा आणि ओरडायचा, 'एक... दोन... तीन!' खाली स्टॉपवॉच. सात मीटर झोळ असेल तर एका फेरीला साधारण पावणेपाच सेकंद. टॉवरमधलं अंतर कितीही असो, हिशोब तोच. साडेतीनशे मीटर धातू बोटाखाली येऊन जातोय, हे सुख कुठल्याही पडद्याने दिलेलं नाही. (त्या बोटाच्या मालकाच्या कमरेला पुष्कळदा धड पट्टाही नसे. आता नखशिखान्त हार्नेस असतो आणि दरीपलीकडे पहिली दोरी ड्रोन नेतो. पूर्वी ती माणसं उतरून-चढून न्यायची.)

आमच्याआधीचे तरी आम्हाला कुठे मोजत होते? 1915 साली खोपोलीची वीज परळपर्यंत आणणाऱ्यांच्या गोष्टी सांगून म्हातारे आमच्या थिओडोलाइटकडे तुच्छतेने बघायचे.

राहता राहिला शेतकरी. आम्ही त्याच्या पडवीत पिठलं-भाकरी खायचो, तो म्हणायचा, 'साहेब, तेवढं विहिरीवरनं नको.' जमलं तर आम्ही खुंटी सरकवायचो, म्हणजे शेजाऱ्याच्या शेतात. मुलं विचारायची, 'आमच्याकडं दिवा कधी?' या तारांतून गावाला वीज देता येत नाही, हे रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात समजावून सांगायचो. लाइनला कायदा लागायचा 1885 चा, तार खात्यासाठी केलेला. टॉवर उभारायला जमीन विकत घ्यावीच लागत नसे. आमचं गोड बोलणं हे मोबदल्याच्या जागी होतं, असा आता दाट संशय येतो.

2015 साली केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या; 2024 पर्यंत त्यांतले दर असे होते: टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या 85 टक्के, तारांखालच्या पट्ट्याला 15 टक्क्यांपर्यंत. 220 किलोव्होल्टला तो पट्टा 35 मीटर रुंद धरत. द्राक्षबागेवरून गेला तर बाग किती कापली जाते ते बघा. आजचा इंजिनिअर गावात येतो तो आखणी झाल्यावर, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश घेऊन. त्याला पडवीत कुणी बसवत नाही. किंमत रेडीरेकनरने की बाजारभावाने, हा प्रश्न बांधावरच होतो. प्रश्न रास्त आहे, पण आम्हाला तो ऐकवत नाही.

या नव्या इंजिनिअर पोरांना आम्ही पिठल्याच्या गोष्टी रंगवून सांगतो. एकाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'छानच सर. मग त्या शेतकऱ्याला तुम्ही दिलं काय?'

उभ्या पिकाचे पैसे. तेही तलाठ्याने पंचनामा वेळेत केला तर.