चोवीस तीर्थंकर आणि सात अक्षरं



पाचवीच्या गणितात रोमन अंकांचा धडा असतो. मुलं शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसणार असली की आपणही त्यांच्यासोबत पुन्हा शिकतो. यंदा आमच्या नांदेडच्या घरात या धड्याला दोन विद्यार्थिनी होत्या. एक माझी लेक, दुसऱ्या माझ्या सासूबाई.

लेक गणिताला इतकी घाबरलेली की परीक्षेचा फॉर्मच भरू नको म्हणत होती. सासूबाईंची शाळा चौथीत सुटली, कारण धाकट्या भावंडांना सांभाळायला घरात कुणीतरी हवं होतं. रोजचा स्वाध्याय चुकत नाही, दुकानाचा हिशेब तोंडी करतात; पण इंग्रजी अक्षर दिसलं की "ते आपलं नाही बाई" म्हणून बाजूला होतात. मी म्हटलं, "आई, ही एबीसीडी नाही, नुसत्या सात खुणा आहेत. तुम्ही बसलात तर हीपण बसेल." नातीसाठी म्हणून बसल्या.

खुणा अशा: आय म्हणजे १, व्ही ५, एक्स १०, एल ५०, सी १००, डी ५०० आणि एम १०००. लहान खूण मोठीच्या नंतर आली तर मिळवायची, आधी आली तर वजा करायची. व्ही-आय म्हणजे ६ आणि आय-व्ही म्हणजे ४. आय, एक्स, सी, एम या खुणा लागोपाठ तीनदाच येतात. व्ही, एल, डी लागोपाठ दोनदा येतच नाहीत. वजाबाकीलाही मर्यादा आहे. आय फक्त व्ही आणि एक्सच्या आधी, एक्स फक्त एल आणि सीच्या आधी, सी फक्त डी आणि एमच्या आधी. म्हणून ९९ लिहिताना आय-सी चालत नाही. एक्स-सी-आय-एक्स लिहावं लागतं.

नियम पाठ होईनात. मग आईंनीच वाट काढली, "आपल्या ओळखीच्या संख्या लिहू." पंचपरमेष्ठी व्ही. आठ कर्मं व्ही-आय-आय-आय. दशलक्षण धर्म एक्स. बारा भावना एक्स-आय-आय. सोळा कारणभावना एक्स-व्ही-आय. चोवीस तीर्थंकर एक्स-एक्स-आय-व्ही. त्रेसष्ट शलाकापुरुष एल-एक्स-आय-आय-आय. जपमाळेचे १०८ मणी सी-व्ही-आय-आय-आय. सामायिकाची ४८ मिनिटं लेकीने स्वतः सोडवली: एक्स-एल म्हणजे चाळीस, पुढे व्ही-आय-आय-आय.

सुट्टीत लातूरला माझ्या माहेरी गेलो, तेव्हा भिंतीवरच्या जुन्या घड्याळात तिला चारच्या जागी चार उभ्या रेघा दिसल्या. "आई, घड्याळ चुकलंय!" चुकलेलं नाही. पुस्तकात आय-व्ही असतं, पण पुष्कळ घड्याळांवर चार रेघांचीच जुनी रीत चालत आली आहे.

पण खरा प्रश्न तिने नंतर विचारला. "दहा म्हणजे नुसतं एक्स. मग शून्य कुठे गेलं?"

रोमन अंकांत शून्याची खूणच नाही. आपल्याकडे १ च्या पुढे शून्य आलं की त्याच एकाचे दहा होतात, कारण जागेला किंमत आहे. तिथे एक्स कुठेही लिहा, त्याची किंमत दहाच. आई म्हणाल्या, "मग चौऱ्याऐंशी लक्ष योनी कशा लिहायच्या?" नुसत्या एमने लिहायच्या तर एम ८४०० वेळा काढावा लागेल! आपण मात्र ८४ पुढे पाच शून्यं देऊन मोकळे होतो. रोमन लोक मोठा हिशेब लिहून करत नसत, मणीपाटीवर खडे सरकवून करत.

मैत्रिणींनो, या शून्याशी आपल्या मुलखाचंही नातं आहे. महावीराचार्य हे जैन गणिती इ. स. ८५० च्या सुमारास राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात होऊन गेले. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचं कर्नाटकातलं मळखेड. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूर'चे स्वामी म्हणवीत आणि अभ्यासक ते लट्टलूर म्हणजे आपलं लातूर मानतात. नांदेड जिल्ह्यातलं कंधारही त्यांच्याच वैभवाचं ठिकाण. महावीराचार्यांच्या 'गणितसारसंग्रहा'त एकं, दहं, शतं करत चोवीस स्थानांची नावं आहेत. कोणत्याही संख्येला शून्याने गुणलं की शून्य येतं, हा नियमही त्यात दिला आहे.

हे ऐकून लेक म्हणाली, "चोवीस स्थानं? तीर्थंकरांइतकी!" दुसऱ्या दिवशी तिने परीक्षेचा फॉर्म मागितला. आईंनी आपल्या उपवासांच्या वहीत त्या महिन्याचा आकडा रोमनमध्ये लिहिला आणि खाली बरोबर आहे का म्हणून नातीची सही घेतली.

तुमच्या घरी पाचवीतलं लेकरू असेल, तर धडा घेताना आजींनाही जवळ बसवा. शाळा अर्ध्यावर सोडावी लागलेल्या बायका आपल्या घरांत कमी नाहीत. सात अक्षरं शिकायला एक आठवडा पुरतो.