राणीच्या तोंडचा केक

सातारा

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

फ्रेंच राज्यक्रांतीवरची तुझी प्रकल्पवही दादाने पाठवली. अक्षर सुरेख. पण पहिल्याच पानावर पाव नसलेल्यांना केक खायला सांगणारी राणी बघून मी पेन्सिलीने फुली मारली. रागावू नकोस, मीही वर्गात वर्षानुवर्षं हेच सांगत आले. वर्ग हसायचा, आणि वर्ग हसला की तास चांगला झाला असं वाटायचं! एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘बाई, पण हे ऐकलं कुणी?’ मला उत्तर देता आलं नाही.

मग रूसोचं ‘कन्फेशन्स’ मिळवलं. त्यात तो लिऑंला एका घरी शिकवणीला असताना चोरून वाइन काढतो. सोबत खायला काही हवं. पण कमरेला तलवार लटकवणाऱ्या माणसाने पाववाल्याकडे जाऊन पाव मागायचा? तेव्हा त्याला कुठल्याशा राजकन्येचा हा किस्सा आठवतो आणि तो ब्रिओश घेतो. म्हणजे केक नव्हेच, लोणी-अंडी घातलेला पाव. राजकन्येचं नाव त्याने दिलेलं नाही.

आता मागच्या पानावर सालं मांड. मारी आन्त्वानेत व्हिएन्नात जन्मली १७५५ मध्ये, सून होऊन फ्रान्सला आली १७७० मध्ये. रूसोने हा भाग लिहिला १७६५ च्या आसपास. कर वजाबाकी.

चीनच्या जिन घराण्यातल्या हुई बादशहावरही असाच किस्सा आहे: धान्य नाही, तर लोक मांसाची पेज का खात नाहीत!

तरी ते पान फाडू नकोस. हे वाक्य तिलाच का चिकटलं, ते शोध. जुलै १७८८ मध्ये गारपिटीने पिकं झोडपली, पाव महागला, आणि ५ ऑक्टोबर १७८९ ला पॅरिसच्या बायका पावासाठी भर पावसात व्हर्सायला चालत गेल्या. राणी परमुलखातली, उधळी म्हणून बदनाम. १७८५ च्या हिऱ्यांच्या हाराच्या प्रकरणात तर काही न करता बदनाम झाली. वाक्याला जागा तयारच होती.

वही सोबत पाठवतेय. वहिनीला सांग, लोणचं पोचलं.

तुझी
आत्या

ता. क. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, हे आपण किती खात्रीने सांगतो ना? सुट्टीत आलीस की तो कागद कुणी पाहिला, ते आपण दोघी शोधू.