कांचेवरचें धुकें

आमच्या घरच्या जुन्या संग्रहांत एक छायाचित्र आहे. लुगडें नेसलेली, खांद्यांवर शाल घेतलेली एक स्त्री त्यांत उभी आहे, एवढें पाहणाऱ्यास कळतें; मागें महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाचा कांठ आहे, हें मात्र मला सांगावें लागतें. त्या स्त्रीचा चेहरा पांढऱ्या धुक्यांत बुडून गेला आहे. तें धुकें तलावावरचें नव्हतें; माझ्या कॅमेऱ्याच्या कांचेवरचें होतें. आणि ती स्त्री म्हणजे आमच्या मातुःश्री. गेल्या मार्गशीर्षांत नातवानें तें चित्र हातीं घेऊन विचारलें, "आजोबा, पणजीचा चेहरा कां दिसत नाहीं?" त्याला जें उत्तर दिलें, तेंच थोड्या विस्तारानें वाचकांपुढें ठेवीत आहें.

१९८४ सालच्या जानेवारींतील ही गोष्ट. मी नुकताच शिक्षकाच्या नोकरीवर लागलों होतों आणि पगारांतून शिल्लक टाकून एक साधा, पेटीवजा कॅमेरा घेतला होता. एका फिल्मवर बाराच चित्रें निघत. महाबळेश्वरास गवतावर दंव गोठतें, असें मातुःश्रींनीं कोठेंसें ऐकलें होतें. "हिमालय कांहीं आतां माझ्याच्यानें होत नाहीं, हिम तरी दाखव," असें त्या वारंवार म्हणत.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १,३७० मीटर उंचीवर असलें, तरी गांवांतील उष्णतामापकाचा पारा सहसा शून्यापर्यंत उतरत नाहीं. मग हिम होतें कसें? निरभ्र आणि निवांत रात्रीं जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते, व गवताचें पातें भोंवतालच्या हवेहूनही गार होतें. शिवाय थंड हवा जड असल्यामुळें उतारांवरून ओघळून तलावाच्या आणि लिंगमळ्याच्या सखल भागांत सांचते. म्हणून माणसाच्या उंचीवर पारा चार-पांच अंश दाखवीत असतांनाही पायांखालीं दंव गोठतें. वारा सुटला किंवा ढग आले, कीं सारें फिसकटतें. आणि ऊन अंगावर आलें, कीं तें हिम घटकाभरही टिकत नाहीं.

आम्ही पोहोंचलों तेव्हां नुकतें फटफटत होतें. होड्यांच्या धक्क्यावरील फळ्या पांढऱ्या पडल्या होत्या. गवत तर मीठ पसरल्यासारखें दिसत होतें. लहानपणीं अमरकोशांत पाठ केलेले तुषार, तुहिन, प्रालेय हे शब्द मीं त्या दिवशीं प्रथम डोळ्यांनीं पाहिले. हर्षाच्या भरांत मीं आधीं हिमाचींच चार चित्रें घेतलीं. मातुःश्री गारठून चहाच्या टपरींत बसल्या होत्या. त्यांना बोलावण्यास आंत गेलों, कॅमेरा वाफाळणाऱ्या किटलीपाशीं ठेवला, घाईघाईनें चहा घेतला आणि त्यांना बाहेर आणलें. त्यांनीं हिमानें मढलेलें एक पातें तळहातावर घेतलें आणि त्या लहान मुलीसारख्या हंसल्या. ज्या खिडकींतून पाहावयाचें, ती धुरकट झालेली मला दिसली. ती मीं रुमालानें पुसली. चित्र घेणारी कांच पुढच्या बाजूस होती. तिच्याकडे लक्षच गेलें नाहीं. त्यांचें तें हंसणें मीं आठ वेळां टिपलें. आठही चित्रें पांढरीं निघालीं. त्याच वर्षीं श्रावणांत मातुःश्री गेल्या. त्यांचें हंसतें चित्र आमच्यापाशीं दुसरें नाहीं.

गार पाण्याच्या तांब्यास बाहेरून घाम येतो, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. थंडींत तासभर राहिलेला कॅमेरा म्हणजे असाच तांब्या. म्हणून त्याला उबेंत नेण्यापूर्वीं, बाहेरच असतांना, प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून तिचें तोंड घट्ट बांधावें. मग बाष्प जमतें तें पिशवीवर. आंतला कॅमेरा खोलीइतका उबदार होईपर्यंत पिशवी सोडूं नये. यास कधीं तासभरही लागतो. आजच्या कॅमेऱ्यांना आणखी दोन पथ्यें आहेत. थंडींत बॅटरींतील रासायनिक क्रिया मंदावते व ती अकालीं संपल्यासारखी वाटते. यास्तव एक जादा बॅटरी आंतल्या खिशांत, अंगाच्या उबेंत ठेवावी. दुसरें असें, कीं कॅमेरा समोरचें सर्व दृश्य मध्यम करड्या रंगाचें धरून प्रकाश मोजतो, त्यामुळें शुभ्र हिम राखेसारखें उतरतें. तेव्हां प्रकाश आपण होऊन एखादी पायरी वाढवावा.

या शास्त्रांतला खरा तपस्वी म्हणजे अमेरिकेंतील व्हरमाँट राज्यांतला शेतकरी विल्सन बेंटली. त्यानें १५ जानेवारी १८८५ रोजीं सूक्ष्मदर्शकास कॅमेरा जोडून हिमाच्या एका स्फटिकाचें चित्र घेतलें, आणि १९३१ सालीं निधन होईपर्यंत अशीं पांच हजारांवर चित्रें काढलीं. तो न तापविलेल्या खोपटांत काम करी व श्वासही जपून सोडी, कारण तेवढ्या उबेनेंही स्फटिक विरून जाई. त्यानें चित्रासाठीं गारठा पत्करला. मला चहाची ऊब आणि हिमाचें चित्र हीं एकाच घटकेंत हवीं होतीं.

हें सारें ऐकल्यावर नातवानें महाबळेश्वरचा हट्टच धरला. पौषांत आम्ही सर्व मंडळी गेलों. दैवानें रात्र निरभ्र होती. गाडींतून उतरतांच तो धक्क्याकडे धांवूं लागला. मीं त्याला थांबविलें आणि म्हटलें, "आधीं आजी, मग हिम."

"पण आजोबा, ऊन येईल. सगळें वितळून जाईल!"

"जाऊं दे. हिम पुढच्या पौषांत पुन्हां पडेल."

सौ.नें पातें तळहातावर घेतलें खरें, पण "समोरचे दांत पडले आहेत, मी नाहीं हंसायची," म्हणून ती तोंड मिटून उभी राहिली. तेव्हां नातू म्हणाला, "आजी, माझेही पडले होते, तेव्हां तूंच मला हंसायला लावलें होतेंस." ती हंसली, आणि त्यानें चित्र घेतलें. तोंवर धक्क्यावर ऊन आलें होतें व अर्धें हिम पाणी होऊन गेलें होतें. टपरींत शिरण्यापूर्वीं त्यानें न सांगतां कॅमेरा पिशवींत घातला व गांठ मारली.

वाचकांस एवढीच विनंति, कीं थंडींत कोठें चित्रें घेण्यास गेलांत, तर बरोबरच्या वडीलधाऱ्यांचीं चित्रें आधीं घ्यावीं, आणि घेण्यापूर्वीं पुढची कांच एकवार पाहावी. आमच्या संग्रहांत नवें चित्र आतां जुन्या चित्राच्या शेजारीं लावलें आहे. जुनें काढून टाकावें, असें कोणी सुचविलें नाहीं.