सापळ्याची डागडुजी

बरेच दिवसांत इथे काही लिहिणं झालं नाही. कारण विचाराल तर हात काळे झालेत, अगदी अक्षरशः. अक्रोडाच्या हिरव्या सालींचा रंग नखांतून आठवडेच्या आठवडे जात नाही, त्यामुळे ऑफिसच्या मीटिंगमध्ये हात टेबलाखाली धरून बसतोय. साली कशाला उकळत होतो? तर लोखंडी सापळे रंगवायला. (आई, वाचत असशील तर शेवटपर्यंत वाच आणि मगच फोन कर.)

सुरुवातीपासून सांगतो. आमचं घर न्यूयॉर्क राज्यात आहे, पण ते टॅक्सी आणि उंच इमारतींचं न्यूयॉर्क नव्हे. तिथून गाडीने चार-पाच तास वर, मक्याची शेतं, गाई आणि हिवाळाभर बर्फ. घरामागे ओढा आहे. 2019च्या उन्हाळ्यात या ओढ्यात बीव्हरचं एक जोडपं आलं. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: उंदीर-घुशींच्याच कुळातला प्राणी, पण वजन वीस किलोच्या आसपास, दात नारिंगी आणि शेपूट उलथन्यासारखं चपटं. आम्ही हरखून गेलो. लेक तेव्हा दहा वर्षांची होती, तिने दोघांची बारशी केली. रोज संध्याकाळी चहा घेऊन मागच्या पायरीवर बसायचं आणि त्यांचा बांध वाढताना बघायचा, हा कार्यक्रमच झाला.

सप्टेंबरात सासू-सासरे आले, आणि त्याच आठवड्यात संडासातून पाणी उलटं यायला लागलं. इथे शहराबाहेर म्युनिसिपालटीचं गटार नसतं. प्रत्येक घराची आपली टाकी, आणि तिचं पाणी भोकांच्या पाइपांतून मागच्या जमिनीत मुरतं. बांधामुळे ओढ्याचं पाणी चढलं, ती जमीन चिंब झाली, मुरायला जागाच उरली नाही. सासरेबुवा एक अवाक्षर बोलले नाहीत, हे जास्त लागलं.

कुदळ घेऊन बांध फोडायला निघालो तर शेजाऱ्यांनी हाक मारून थांबवलं. या राज्यात बीव्हरचा बांध परवानगीशिवाय फोडणं गुन्हा आहे, आणि फोडलाच तरी तो दोन रात्रीत पुन्हा बांधतो! बीव्हर हा न्यूयॉर्कचा 1975पासूनचा अधिकृत राज्यप्राणी. केसाळ कातड्यापायी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे तो जवळजवळ संपलाच होता, मग बाहेरून आणून पुन्हा सोडला. आता इतके झालेत की नोव्हेंबरात मोसम उघडला की परवानाधारक माणूस पकडू शकतो. आमचे शेजारी तसे परवानाधारक. पंचाहत्तरी ओलांडलेली, आयुष्य मशीन शॉपमध्ये गेलेलं. लेक त्यांना माझ्याशी बोलताना 'सापळेआजोबा' म्हणते.

"मोसमापर्यंत थांब," ते म्हणाले, "आणि तोवर मला हाताखाली माणूस हवाय. माझी बोटं आता वळत नाहीत."

असा मी त्यांच्या गॅरेजमध्ये शिरलो. सिनेमात अस्वलाच्या पायात अडकतो तो दातेरी सापळा डोक्यात होता. दात्यांचे सापळे इथे चालत नाहीत. भिंतीवर टांगलेले होते ते साधे पायाचे सापळे: दोन गुळगुळीत जबडे, मध्ये एक तबकडी, बाजूला स्प्रिंगा. तबकडी ज्या खिट्टीने अडकते तिला इंग्रजीत 'डॉग' म्हणतात, त्यावरून पहिल्या दिवशी माझा बराच गोंधळ झाला.

त्यांचा नियम एकच. सापळा दुकानातून येतो तसा लावायचा नाही.

आधी जबडे. कारखान्यातून येतात ते पातळ असतात, पातळ धार कातडीत रुतते. म्हणून जबड्याच्या कडेला लोखंडी सळीचा तुकडा वेल्ड करून ती जाड करायची आणि कानशीने सगळे कोपरे मारायचे. मिटल्यावरही दोन जबड्यांत थोडी फट राहील असं बघायचं. मग साखळी. ती कडेला जोडलेली असते, ती काढून बुडाच्या मधोमध आणायची आणि तिच्यात दोन-तीन फिरत्या कड्या घालायच्या, म्हणजे प्राण्याने गिरक्या घेतल्या तरी पाय पिरगळत नाही. साखळीत एक छोटी स्प्रिंगही, हिसका तिने झेलावा म्हणून. शेवटी तबकडीचा स्क्रू आवळायचा, एवढा की खार किंवा मांजराच्या वजनाने ती पडू नये.

एक गोष्ट मात्र मला पटेना. दोन स्प्रिंगांच्या जोडीला ते आणखी दोन बसवायचे. म्हणजे जोर वाढवायचा? त्यांनी माझं मनगट आधी सैल धरलं आणि ओढायला लावलं, मग घट्ट धरून. सैल पकडीत कातडी घासली जाते, घट्ट पकडीत हात हलतच नाही. बरोबर होतं त्यांचं. मनगट पाच मिनिटं लाल होतं ते सोडा.

हे सगळं कुठून आलं, हे त्यांनी तिसऱ्या-चौथ्या दिवशी सांगितलं. लहानपणी, बारा-तेरा वर्षांचे असताना, ते रॅकूनसाठी सापळे लावायचे. एका सकाळी जाऊन बघतात तर सापळ्यात रॅकून नाही, फक्त दोन बोटं. जबड्याखाली पंजा बधिर होतो, आणि रॅकून तो चावतो. दुखत नाही म्हणून चावतो. रॅकूनचा पंजा पाहिलाय कधी? अगदी तान्ह्या मुलाचा हात. ते त्या सापळ्याला वडिलांच्या ऐरणीवर नेऊन दुसरा जबडा जोडायला बसले. असे दुहेरी जबड्याचे सापळे बाजारात मिळायचे, पण पैसे कुठे होते. खालचा जबडा असा बसतो की तोंड पंजापर्यंत पोचतच नाही. आता रॅकूनसाठी ते बहुतेक वेळा नळकांड्याचा सापळा लावतात. आत आमिष असतं, रॅकून पंजा घालून ओढतो. कुत्रं त्यात सापडत नाही.

आमच्यापासून फार लांब नाही ते ओनायडा. तिथे 1848 साली एक धार्मिक पंथ वसला होता, सगळी मालमत्ता सामाईक. त्या पंथाचं पोट अनेक वर्षं सापळ्यांवर चाललं. स्यूएल न्यूहाउस नावाचा कारागीर त्यांच्यात आला होता, त्याचे सापळे देशभर गेले. पुढे त्यांनी काटे-चमचे काढले. आमच्या घरातले चमचे ओनायडाचेच आहेत हे मला त्या गॅरेजमध्ये कळलं.

मग नोव्हेंबर आला.

बीव्हरचा सापळा मोठा, पाण्याखाली, मागच्या पायासाठी. त्याची साखळी एका तारेवर सरकते, आणि तारेवरची अडणी अशी की ती खोल पाण्याकडे जाते, परत वर येत नाही. म्हणजे तो बुडतो. बीव्हर पंधरा मिनिटं पाण्याखाली राहू शकतो, हे उन्हाळ्यात मी लेकीला कौतुकाने वाचून दाखवलं होतं.

दोन्ही गेले, चार दिवसांच्या अंतराने. आजोबा रोज उजाडायच्या आधी बघायला जायचे, मी कंदील धरायला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर लेकीने विचारलं, "त्यांना दुखलं का?" आणि मी तिला स्प्रिंगांबद्दल सांगायला लागलो. फिरत्या कड्या, जाड जबडे, सगळं. ती ऐकत राहिली आणि मग उठून गेली. आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

त्या आठवड्यात मला वाड्यातला उंदराचा पिंजरा आठवला. सकाळी आजोबा तो पिंजऱ्यासकट बादलीत बुडवायचे आणि शांतपणे दात घासायला जायचे. आम्ही पोरं बुडबुडे मोजायचो. ती बादली नंतर धुऊन अंगणात वापरायचे. आईला फोनवर विचारलं तर म्हणाली, "छे, आपल्याकडे कधी असलं नव्हतं. नाल्यापलीकडे सोडून यायचे." (आई, बादली निळ्या कडेची होती.)

2021मध्ये ओढ्यात नवं जोडपं आलं. ओढा चांगला असला की येतातच. या वेळी परवानगी काढून बांधातून एक लांब जाड पाइप टाकला, वरच्या तोंडाला जाळीचा पिंजरा. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की मुकाट वाहून जातं, आणि गळती नेमकी कुठे आहे ते बीव्हरला सापडत नाही. पाइप आजोबांनीच माझ्याबरोबर बसवला, कुरकुरत. त्यांच्या मते दर वसंतात जाळी साफ करायचा मला कंटाळा येणार. एकदा आलाही होता, पाणी वीतभर चढलं तेव्हा धावलो.

या वर्षी त्यांची बोटं अगदीच गेली. म्हणून त्यांचे रॅकूनचे सापळे मी एकट्याने उकळले, थोडे गंजू दिले, मग सालींच्या पाण्यात टाकले. थोडा गंज धरल्याशिवाय रंग बसत नाही. जबड्याच्या कडेवर ते अंगठा फिरवून बघत होते. अकरांपैकी दोन परत केले. काल संध्याकाळी कानस घेऊन बसलो तर लेक आली, बराच वेळ बघत उभी राहिली, आणि एक सापळा उचलून तिनेही कडेवर अंगठा फिरवला. "इथे लागतंय अजून," म्हणाली.