काल्हेरच्या बोटीचा भाव

काल्हेर, ता. भिवंडी

चि. भाचेबुवांस,


तुझं पत्र आणि फोटो मिळाले. अठरा फुटी फायबरची बोट, मागे चाळीस हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, नऊ वर्षं वापरलेली. मालक साडेपाच लाख म्हणतो आणि तू विचारतोस की मामा, हा भाव रास्त आहे का? रास्त नाही. पण नुसत्या 'नाही'नं तुझं काम व्हायचं नाही. उद्या मालक साडेचारवर उतरला की तुला तोच भाव रास्त वाटायला लागेल. मागणाऱ्याच्या आकड्यापासून खाली उतरत गेलं की आपण त्याच्याच जिन्यावर असतो. म्हणून तो आकडा आधी डोक्यातून काढून टाक.

अमेरिकेत जुन्या बोटींच्या भावांची पुस्तकं निघतात. बोटीची बनावट, साल आणि इंजिन सांगितलं की आकडा मिळतो. त्यावर तिथले लोक सर्व्हेअर बोलावतात. आपल्याकडे जुन्या गाडीचा भाव कुठलाही दलाल तोंडावर सांगेल, बोटीचा सांगणारा भेटत नाही. कशेळी-काल्हेरपासून पार खारबावपर्यंतच्या खाडीत हौशी लोकांच्या अशा बोटी आहेतच किती आणि त्यांतल्या विकायला निघतात किती! जिथं चार सौदे होत नाहीत तिथं बाजारभाव नसतो. विकणाऱ्याची अपेक्षा असते आणि घेणाऱ्याची हौस असते, बस्स. या दोहोंच्या मधोमध आकडा धरणं म्हणजे भाव काढणं नव्हे.

फोटोंवर माझा विश्वास नाही. ओहोटी पाहून काठावर गेलो, कारण बोट पाण्याबाहेर चिखलात बसलेली असतानाच तिचं पोट दिसतं. मालकाला आधीच सांगितलं होतं की इंजिन चालू करून ठेवू नका. तरी हात लावला तर कोमट लागलं. मी काही बोललो नाही. चहा मागवला, इंजिन गार होईपर्यंत बसलो आणि तोवर बोट पाहिली.

फायबरची तपासणी कानानं होते. रुपयाचं नाणं घेऊन बाजू ठोकत जायचं. सगळीकडे टणक आवाज आला तर थर एकसंध आहेत. मधेच बद्द वाजलं तर तिथं थर सुटलेत किंवा आत पाणी शिरलंय. या बोटीच्या दोन्ही बाजू चांगल्या आहेत. तळाला बारीक फोड आहेत, पण नऊ वर्षं पाण्यात राहिलेल्या फायबरला ते यायचेच. घासून, सुकवून, लेप देऊन ते काम निभतं. खरा आजार मागच्या पाटीत आहे. जिच्यावर इंजिन टांगतात त्या पाटीला मेकॅनिक ट्रान्सम म्हणतात. वरून फायबर दिसलं तरी आत प्लायवूड असतं. इंजिनाच्या बोल्टांच्या भोकांतून पाणी झिरपून ते आतल्या आत कुजतं आणि बाहेरून रंग चकचकीतच राहतो. मी इंजिनाचा खालचा भाग धरून वर-खाली हलवला, तर पाटी हलताना डोळ्यांनी दिसली. एवढ्या एका गोष्टीपायी भर खाडीत इंजिन सुटून पाण्यात गेल्याचे प्रकार होतात. तुझ्या फोटोत तिथं नवा निळा पट्टा मारलाय बघ. छान दिसतो.

मग इंजिन. खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवून चालू केलं, तिसऱ्या दोरीला लागलं. टू-स्ट्रोकचा निळसर धूर पाहून घाबरू नकोस. त्याच्यात तेल पेट्रोलबरोबरच जळतं. बाजूच्या भोकातून थंड करणाऱ्या पाण्याची धार नीट पडते का ते पाहायचं. पडत होती, जरा बारीक. दोन्ही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजलं, जवळपास सारखं भरलं. दोहोंत दहा टक्क्यांहून जास्त फरक असता तर तुला तिथूनच फोन केला असता की विषय सोड. खालच्या गिअरचं तेल काढून बघितलं तर दुधाळ निघालं, म्हणजे सील गेलंय आणि पाणी आत येतंय. आत्ताच केलं तर हे काम थोडक्यात होतं. एक पावसाळा तसंच ठेवलं तर सगळे गिअर बदलावे लागतील. इंजिन किती तास चाललं हे सांगणारा मीटर त्याला नाही. मालक म्हणतो, फक्त रविवारी चालवत होतो. असेलही. पण आपल्या खाडीचं पाणी खारं, त्यात कारखान्यांचं सांडपाणी, आणि दर फेरीनंतर गोड्या पाण्यानं इंजिन धुणारा माणूस मी या काठावर फारसा पाहिलेला नाही. इथं चाललेल्या इंजिनापेक्षा न धुता उभं राहिलेलं इंजिन लवकर मरतं. जस्ताचे जे तुकडे स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवतात, त्यांच्यावरही याच्या रंगाऱ्यानं ब्रश फिरवलाय. रंगवलेलं जस्त काही कामाचं नाही.

आता मालकाची बाजूही सांगतो, कारण त्याचं सगळंच चूक नाही. तो म्हणाला, 'नव्या बोटीवरचा टॅक्स बघितलात का?' त्यात तथ्य आहे. मौजेच्या बोटींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून ४० टक्के झालाय. मासेमारीच्या बोटीवर मात्र तो ५ टक्केच आहे. नवी महागली की जुनीचा भाव थोडा चढतो, तेव्हा तुलना आजच्या नव्या किमतीशीच करायची, त्यानं नऊ वर्षांपूर्वी काय मोजले त्याच्याशी नाही. पण पुढं त्यानं छताचे पैसे, स्पीकरचे पैसे, रंगाचे पैसे आणि कर्जाचं व्याजसुद्धा त्यात घातलं. त्यानं काय खर्च केला हा त्याचा हिशेब झाला. तुला जे उरलंय त्याचेच पैसे द्यायचेत.

तर हिशेब असा. तू चौकशी करून कळवलेले नव्याचे दर मी टॅक्ससकट धरतो : बोटीची काया तीन लाख, इंजिन चार लाख, ट्रेलर, स्टिअरिंग, बॅटरी वगैरे एक लाख. एकूण आठ. फायबरच्या कायेचं आयुष्य पंचवीस वर्षं धरू. नऊ गेली, सोळा राहिली. तीन लाखांचे उरले एक लाख ब्याण्णव हजार. खाऱ्या पाण्यातल्या इंजिनाला मी बाराहून जास्त वर्षं देत नाही. त्यातली तीन राहिली, म्हणजे चार लाखांचा एक लाख. किरकोळ सामानाचे तीस हजार, तेही ट्रेलर बरा आहे म्हणून. बेरीज तीन लाख बावीस हजार. आयुष्याचे हे आकडे माझ्या अनुभवाचे आहेत, दुसरा मेकॅनिक दोन वर्षं इकडेतिकडे करील. पण बोट आणि इंजिन वेगवेगळं मोजायचं यावर मात्र वाद नाही. सरसकट 'नऊ वर्षांची, निम्मी किंमत' असं म्हटलं की माणूस फसतो, कारण काया आणि इंजिन एका वेगानं म्हातारी होत नाहीत.

यातून दुरुस्ती वजा करायची. इथं घेणारे लोक लबाडी करतात आणि ती तू करू नयेस असं मला वाटतं. तळाचे फोड, पाण्याची बारीक धार, जुनी वायर हे सगळं नऊ वर्षांच्या वयात आलंच. ते आपण आयुष्य मोजताना कापलंय. पुन्हा दुरुस्ती म्हणून कापलं तर एकाच आजाराचे दोनदा पैसे घेतल्यासारखं होईल. वयापेक्षा जास्त बिघडलेलं तेवढंच वजा करायचं. ते दोनच आहे : कुजलेली पाटी साठ हजार, गिअरचं सील आणि ते उघडण्याची मजुरी बारा हजार. तीन लाख बावीसमधून बहात्तर गेले, राहिले अडीच लाख.

खालून पण एकदा मोजून बघ. भिवंडीत राहून हे मला शिकावं लागलं नाही. कारखाना बंद पडला की पॉवरलूम किलोच्या भावानं भंगारात जातात, आणि चालू लूम विकणारासुद्धा आधी तो भंगाराचा आकडा मनाशी धरून बसतो. या बोटीचं तसंच केलं, म्हणजे इंजिन सुट्या भागांना, ट्रेलर लोखंडाला आणि काया ज्याला हवी त्याला दिली, तर नव्वद हजार उठतील. म्हणजे मालकाला तुझ्याशिवाय नव्वद हजारांचा रस्ता आहे आणि तुला आठ लाखांचा. अडीच लाख या दोहोंच्या आत बसतात, म्हणून मला ते पटतात. सुट्या भागांवरून आठवलं, तू पर्याय म्हणून त्या एव्हिनरूड इंजिनाचं विचारलं होतंस. स्वस्त आहे खरं, पण त्या कंपनीच्या मालकांनी मे २०२० मध्ये ती इंजिनं बनवणंच बंद केलं. तुझ्यासारख्या नवशिक्यानं त्या भानगडीत पडू नये.

कागदांचं मी सगळ्यात वर लिहायला हवं होतं, कारण कागद नसतील तर वरचं गणित फाडून टाकायचं. इंजिनावर चालणाऱ्या बोटीला अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ प्रमाणे सर्वेक्षण आणि नोंदणी लागते. आपल्याकडे ते काम महाराष्ट्र सागरी मंडळ बघतं. नोंदणीवरचा क्रमांक, बोटीवरचा क्रमांक, इंजिनावरचा क्रमांक आणि मूळ बिल, चारही जुळले पाहिजेत. तुझी ही उल्हास नदी आणि वसईची खाडी २०१६ पासून राष्ट्रीय जलमार्ग ५३ मध्ये मोडते, तेव्हा इथं कोण विचारतंय अशा भ्रमात राहू नकोस. मासेमारीची जुनी होडी घ्यायची ठरवलीस तर आणखी एक बघायचं : पूर्वी कित्येक यांत्रिक होड्या सहकारी संस्थांमार्फत राष्ट्रीय सहकारी विकास निगमच्या कर्जावर बांधल्या गेल्या. संस्थेचा येणे-बाकी नसल्याचा दाखला नसेल तर होडीबरोबर कर्ज घरी येतं.

आणि कुणी 'मोठी बोट, फक्त लाखभर' म्हणून कोन, वेहेळे किंवा आलिमघरच्या बाजूला घेऊन गेला तर जाऊ नकोस. ती बहुधा रेतीची असते. चोरट्या रेती उपशाच्या बोटी आणि सक्शन पंप महसूल खात्याचे लोक धाड घालून पकडतात, कापतात, बुडवतात, जाळतात. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार त्या जप्त होतात. अशा बोटीत ट्रकचं इंजिन बसवलेलं असतं, कागद नसतात आणि ती स्वस्त असते कारण मालकाला ती उद्या असेल की नाही याची खात्री नसते. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि १६५९ मध्ये वसईचे पोर्तुगीज कळवू लागले की इथं लढाऊ जहाजं बांधली जातायत. त्याच काठावर आज आम्ही रात्री रेतीचे पंप ऐकतो. असो. विषय तो नाही.

एक चाचणी राहिलीय, पाण्यातली. ती तू आल्यावर करू. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण टाळू, अर्धी भरती चढल्यावर निघू, कारण ओहोटीला गाळात बसू आणि रेती उपशानं तळात जे खड्डे पडलेत ते वरून दिसत नाहीत. अर्धा तास मध्यम वेगानं, मग पाच मिनिटं पूर्ण वेगानं, आणि परत आल्यावर तळात पाणी किती साचलं ते बघायचं. पूर्ण वेग पुलापासून आणि दुसऱ्या होड्यांपासून लांब, मोकळ्या पाण्यात. जॅकेटं घातल्याशिवाय मी पाय ठेवणार नाही आणि तुलाही ठेवू देणार नाही. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर जी नौदलाची स्पीडबोट आदळली, तीही इंजिनाची चाचणीच करत होती. पंधरा माणसं गेली.

भाव सांगताना घासाघीस करू नकोस. हा हिशेब एका कागदावर लिही आणि मालकाच्या हातात दे, पाटीच्या साठ हजारांसकट. त्याला पाटी कुजल्याचं खरंच माहीत नसेल तर त्यालाही ते कळलं पाहिजे. आपण घेतली नाही तरी दुसरा कुणी त्या बोटीत पोरंबाळं घेऊन बसणार आहे. जो आकडा समोरच्याला वाचून दाखवायची लाज वाटते तो रास्त नसतो, मग तो आपल्या बाजूचा असो की त्याच्या. तो म्हणेल वायर नवी टाकलीय, बिल दाखवील, तर दहा हजार वाढव. दोन लाख साठ हजार हे शेवटचं. पाटी स्वतः दुरुस्त करून देतो म्हणाला तर काम उघडं असताना मला बघू दे, मग तीन लाख वीस हजारांपर्यंत जा. यापलीकडे मागितले तर नमस्कार करून उठ. पावसाळा तोंडावर आहे, बोट ठेवायला जागा आणि वर ताडपत्री त्यालाही लागणार आहे. तो फोन करील.

येण्याआधी मूळ बिल आणि नोंदणीची प्रत मागवून मला पाठव. दोन्ही आल्याशिवाय तिकीट काढू नकोस.

तुझा,
मामा